विषय शिकवता शिकवता सामाजिक भान: नव्या प्राध्यापकांसाठी पहिल्या सत्राचे मार्गदर्शन

विद्यापीठात शिकवू लागल्यावर पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक भान जागवण्याचा मी जो प्रयत्न केला, तो सपशेल फसला. विषमतेवर मी सलग दोन तास बोलले, आकडेवारी दाखवली, आवाज चढवला. वर्ग स्तब्ध झाला, काहींचे डोळे पाणावले आणि शेवटी टाळ्याही वाजल्या. सत्राअखेरीस निबंध तपासायला घेतले, तेव्हा मात्र साठांपैकी बहुतेक निबंधांतून माझीच वाक्ये माझ्याच क्रमाने मला परत मिळाली. स्वतःला पडलेला प्रश्न एकानेही मांडला नव्हता. ज्या विद्यार्थिनीने सर्वांत हळवा निबंध लिहिला होता, तिला मी सहज विचारले की ही परिस्थिती अशी का आहे, त्यावर ती गोंधळून म्हणाली, “मॅडम, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

पुढची काही वर्षे ती चूक निस्तरण्यात गेली आणि त्यातून जी पद्धत हाती लागली, ती येथे क्रमाने मांडत आहे. तुम्ही कोणत्याही विद्याशाखेत शिकवत असाल, तुमचा अभ्यासक्रम आधीच ठरलेला असेल आणि त्यात एकही नवे प्रकरण घालण्याची मुभा नसेल, असे मी गृहीत धरते. सत्र साधारण १५ आठवड्यांचे आणि वर्ग ५० ते ६० विद्यार्थ्यांचा धरला आहे. वेगळा अभ्यासक्रम मंजूर करून घेण्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. त्यात शक्ती खर्च होते आणि ‘सामाजिक’ ते सगळे त्या एका तासात कोंडले जाते.

१. काय घडायला हवे, ते आधी कागदावर लिहा

‘संवेदनशील नागरिक घडवणे’ हे उद्दिष्ट उदात्त असले तरी वर्गात निरुपयोगी आहे, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. मला सर्वांत उपयोगी पडला तो अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेला भेद. एक लाख लोकसंख्येच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर ती त्याची वैयक्तिक अडचण म्हणता येईल आणि तिचे उत्तर त्याचा स्वभाव, कौशल्य आणि संधी यांत शोधता येईल. परंतु पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर प्रश्न व्यवस्थेचा झाला आणि एकेका माणसाच्या स्वभावात त्याचे उत्तर सापडणार नाही. विद्यार्थी या दोन पातळ्यांमध्ये ये-जा करू लागला, की सामाजिक भान येऊ लागले असे मी समजते.

यावरून मी तीन उद्दिष्टे ठरवली आणि तीच आजही वापरते. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला (अ) आपल्या विषयातील एखाद्या निर्णयाचा लाभ कोणाला झाला आणि झळ कोणाला बसली, हे पुराव्यासह सांगता यावे. (आ) त्या निर्णयामागची किमान दोन परस्परभिन्न कारणे मांडता यावीत. आणि (इ) त्या साखळीत आपण स्वतः कोठे उभे आहोत, हे प्रामाणिकपणे लिहिता यावे. तिसरे उद्दिष्ट सर्वांत अवघड आहे. विद्यार्थ्याने अमुक मत स्वीकारावे, अमुक संघटनेत जावे किंवा स्वतःला अपराधी समजावे, यांपैकी एकही गोष्ट या यादीत नाही. ती चुकून आली असेल तर आताच खोडून टाका.

२. धागा आपल्याच विषयात शोधा

हा टप्पा घाईने उरकू नये. सत्र सुरू होण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे त्याला द्यावेत. अभ्यासक्रमाची प्रत समोर घ्या आणि प्रत्येक घटकासमोर तीन प्रश्न लिहा: हे ज्ञान कोणाच्या गरजेतून निर्माण झाले? त्याची किंमत कोणी मोजली? त्यातून कोण वगळले गेले? पंधरा घटकांपैकी चार-पाच ठिकाणी ठोस उत्तरे मिळाली तरी सत्रासाठी पुरेशी आहेत. उरलेल्या घटकांत सामाजिक आशय ओढूनताणून आणलात, तर विद्यार्थी ते लगेच ओळखतात.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना शिसेयुक्त पेट्रोलचे उदाहरण घेता येईल. टेट्राएथिल लेड हे संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास इंजिनातला ठोके पडल्यासारखा आवाज (नॉकिंग) कमी होतो, हे थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये आढळले. शिशाचा विषारीपणा तेव्हाही कोणाला नवा नव्हता. इथेनॉलही हेच काम करू शकते, हे माहीत होते. आणि १९२४ मध्ये हे संयुग तयार करणाऱ्या कारखान्यांतले कामगार विषबाधेने मरण पावले होते. तरीही ते पेट्रोल जगभर पसरले आणि रस्त्यावरच्या वाहनांसाठी त्याची विक्री करणारा शेवटचा देश थांबला तो थेट २०२१ मध्ये. या शंभर वर्षांत संयुगाची रचना बदललेली नाही. मग इतका काळ कशामुळे लागला, या एका प्रश्नावर रसायनशास्त्राचा वर्ग तासभर बोलू शकतो आणि अभ्यासक्रमातला एकही मुद्दा सुटत नाही. फ्रिट्झ हाबर यांचे चरित्रही असेच आहे. अमोनियाच्या संश्लेषणामुळे कृत्रिम खते शक्य झाली आणि त्यासाठी त्यांना १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच हाबर यांच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे शत्रुसैन्यावर क्लोरीन हा विषारी वायू सोडण्यात आला.

संगणकशास्त्रात जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांचा २०१८ चा अभ्यास वर्गात घेण्यासारखा आहे. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. सरासरी अचूकता पाहून समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हे आकडे ठेवा आणि काही न बोलता थांबा; सरासरीखाली काय झाकले जाते, हे ते स्वतःच सांगू लागतात.

अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या शिकवताना ही मोजणी उभी करणारे सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये दिलेला इशारा सांगावा. या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. घरातल्या स्त्रियांचे विनामोल काम मोजणीतून का सोडले, हेही त्यांनी नोंदवले होते. साहित्याच्या वर्गात कथेतल्या ज्या पात्राला एकही संवाद दिलेला नाही, ते शोधायला सांगावे. एवढा साधा गृहपाठ पुष्कळ काही उघड करतो.

संख्याशास्त्राचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे १८५४ ची लंडनमधील पटकीची साथ आणि मृत्यू एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाभोवती एकवटल्याचे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नो यांचा नकाशा. मात्र ते सांगताना सावध राहा. ‘पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली’ ही गोष्ट आकर्षक असली तरी दांडा काढला गेला तोवर साथ ओसरू लागली होती आणि स्नो यांनी स्वतः ते मान्य केले होते. मी ही गोष्ट आधी चुकीच्या रूपात सांगते, आठवड्यानंतर दुरुस्त करते आणि मग विचारते की पहिली आवृत्ती आपल्याला इतकी का पटली. एकटा नायक येऊन समाज सुधारतो, या कल्पनेची आपल्याला किती सवय झाली आहे, हे त्या चर्चेत दिसून येते.

३. तयारीची कागदपत्रे आणि साधने

सत्र सुरू होण्यापूर्वी पुढील गोष्टी एका धारिकेत ठेवा:

- अभ्यासक्रमाची मंजूर प्रत आणि तिच्यावर निवडलेल्या चार-पाच घटकांच्या खुणा
- प्रत्येक घटकासाठी एका पानाची तासयोजना
- विभागप्रमुखांना दिलेले टिपण आणि त्यावर त्यांची सही
- क्षेत्रभेट असल्यास संस्थेची लेखी परवानगी आणि ज्या संस्थेत किंवा वस्तीत जायचे तेथील प्रतिनिधींचे होकारपत्र
- माहिती देणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतील सोपे संमतीपत्र
- विद्यार्थ्यांच्या आपत्कालीन संपर्कांची यादी आणि प्रथमोपचार पेटी
- चिंतनवहीचे (विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला लिहायच्या वहीचे) प्रश्न आणि गुणदानाचा तक्ता

विभागप्रमुखांचे टिपण अनेकजण टाळतात आणि पुढे अडचणीत येतात. टिपण एका पानापेक्षा मोठे नको. त्यात ‘परिवर्तन’, ‘जागृती’ असे शब्द न वापरता अभ्यासक्रमातील कोणता घटक, कोणत्या आठवड्यात, कोणत्या पद्धतीने शिकवणार आणि त्याचे मूल्यमापन कसे करणार, एवढेच लिहावे. उद्या एखाद्या पालकाने किंवा सहकाऱ्याने आक्षेप घेतला, तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

४. पहिल्या आठवड्यात बोलण्याचे नियम ठरवा

नियम विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत आणि ते पाचांहून अधिक नसावेत. मी दोन नियमांचा आग्रह धरते: कोणालाही आपल्या समूहाच्या वतीने बोलायला सांगितले जाणार नाही आणि प्रत्येकाला ‘मला यावर बोलायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्क राहील. याच आठवड्यात प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर ‘आपल्या विषयाचा समाजाशी काय संबंध आहे?’ या प्रश्नाचे चार ओळींत उत्तर लिहून घ्या. चिठ्ठ्या न तपासता जपून ठेवा.

५. आधी परिस्थिती समोर ठेवा, सिद्धांत मागून येऊ द्या

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावी सुमारे ३०० शेतमजुरांना अवघ्या ४० तासांच्या वर्गांतून लिहिता-वाचता करण्याचा प्रयोग केला. अक्षरओळख सुरू करण्यापूर्वी तेथे शेतमजुरांच्या रोजच्या जगण्यातले एखादे चित्र दाखवले जाई, त्यावर बोलणे होई आणि ‘वीट’ यासारखा त्यांच्याच कामातला शब्द त्या बोलण्यातून पुढे येई. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. त्यामुळे वाचायला शिकणे आणि मतदार होणे या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या होत्या. १९६४ च्या लष्करी उठावानंतर हे काम बंद पडले आणि फ्रेरी यांना तुरुंगवास व नंतर देशत्याग सोसावा लागला. शिकणाऱ्याला रिकामे भांडे समजून त्यात माहिती ओतण्याला त्यांचा विरोध होता. विद्यापीठातल्या वर्गासाठी त्यांच्याकडून घेण्यासारखे बरेच आहे, पण नव्या शिक्षकाने निदान क्रम तरी घ्यावा: परिस्थिती, मग बोलणे, मग नाव.

५० मिनिटांच्या तासाची माझी विभागणी पुढीलप्रमाणे असते. पहिली ५ मिनिटे एखादे छायाचित्र, तक्ता, जुने परिपत्रक किंवा वस्तू समोर ठेवायची आणि तिच्याविषयी काहीही सांगायचे नाही. पुढची ५ मिनिटे प्रत्येकाने एकट्याने लिहायचे: काय दिसते, काय दिसत नाही. त्यानंतर ८ मिनिटे शेजाऱ्याशी चर्चा, २० मिनिटे संपूर्ण वर्गाची चर्चा आणि मग ९ मिनिटांत तुम्ही सिद्धांत मांडायचा. शेवटच्या ३ मिनिटांत प्रत्येकाने ‘आज मला पडलेला एक प्रश्न’ चिठ्ठीवर लिहून द्यायचा.

चर्चेच्या त्या २० मिनिटांत प्रश्नांचा चढ हळूहळू वाढवायचा असतो. शिसेयुक्त पेट्रोलच्या तासाला मी या क्रमाने जाते: शिसे मिसळल्याने इंजिनात नेमके काय घडते? त्या काळात शिशाविषयी काय माहीत होते? कोणते पर्याय उपलब्ध होते? निर्णय कोणी घेतला आणि कोणाला विचारले गेले नाही? तुम्ही त्या प्रयोगशाळेत नोकरीला असता तर तुमच्या हातात काय असते? शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी सुरुवातीला शौर्याच्या गोष्टी सांगतात. ‘मी राजीनामा दिला असता’ असे कोणी म्हणाले, की मी शांतपणे विचारते: दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी आलेल्या माणसाने काय केले असते? येथून चर्चा खरी होते.

येथे नव्या शिक्षकाची हमखास चूक होते: प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत तो स्वतःच बोलू लागतो. विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारे विद्यार्थीही बोलू लागतात. सामाजिक प्रश्नांवर तर मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता असह्य होते.

६. मतभेदाचा तास टाळू नका, पण मोकाट सोडू नका

प्राध्यापकाने स्वतःचे मत वर्गात सांगावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा सहकारी मला विचारतो. याचे मला पटलेले उत्तर पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख येथे राजकीय शिक्षणाविषयी झालेल्या सहमतीत आहे. तिची तीन तत्त्वे अशी: विद्यार्थ्याला स्वतःचा निर्णय करण्याची संधी न देता आपल्या मताखाली दडपू नये, अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला परिस्थितीतले आपले हित ओळखून तिच्यावर प्रभाव टाकण्याचे मार्ग शोधता यावेत. ही तत्त्वे शालेय शिक्षणातून आली असली तरी विद्यापीठात ती अधिकच लागू पडतात, कारण येथे गुण शिक्षकाच्या हातात असतात आणि विद्यार्थी वयाने व्यवहारी झालेला असतो.

दुसऱ्या तत्त्वाचा उलट अर्थ मात्र काढू नका. जे पुराव्याने ठरले आहे, त्याला ‘दोन बाजू’ देण्याची गरज नाही. शिसे मेंदूला घातक आहे की नाही, हा चर्चेचा विषय नाही. ते बंद करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा आहे. असे दोन प्रकारचे प्रश्न वेगळे करणे हेच मुळात शिकवावे लागते.

चर्चेला शिस्त यावी म्हणून डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी विकसित केलेली वादपद्धती वापरता येते. चार जणांचा गट करून त्यात दोन जोड्या करायच्या. एक जोडी एक बाजू, दुसरी जोडी दुसरी बाजू पुराव्यासह मांडते. मग दोन्ही जोड्या बाजू बदलतात आणि काही वेळापूर्वी ज्या मताला विरोध केला तेच मत जास्तीत जास्त ताकदीने मांडतात. शेवटी बाजू सोडून चौघे मिळून एक निष्कर्ष लिहितात. बाजू बदलण्याचा टप्पा वेळेअभावी गाळण्याचा मोह होतो. तो गाळलात तर उरते ती नेहमीची वक्तृत्व स्पर्धा.

चर्चा तापून एखाद्या विद्यार्थ्याने समूहवाचक अपमानास्पद शब्द वापरला, तर तो ऐकू आलाच नाही असे भासवू नका. चर्चा थांबवा, ठरलेल्या नियमाकडे बोट दाखवा, दोन मिनिटे सर्वांना लिहायला लावा आणि मग पुढे जा. संबंधित विद्यार्थ्याशी त्याच दिवशी एकांतात बोला. ज्याला तो शब्द लागला असेल त्याच्याशी त्याच्याही आधी बोला. हा क्रम मी पूर्वी उलटा ठेवत असे आणि ते चूक होते.

७. वर्गाबाहेर जायचे असेल तर

क्षेत्रभेट अनिवार्य नाही. ती नीट करता येणार नसेल तर करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे सेवाकार्यासाठी जमलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारवंत इव्हान इलिच यांनी भाषणात चांगलेच खडसावले होते. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सदिच्छा घेऊन आलेल्या माणसाला समोरच्याचे ऐकून घेण्याची गरज वाटत नाही, हा त्यातला बोचरा मुद्दा आजही खरा आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी मी वर्गाला एका गरीब वस्तीत नेण्याचे ठरवले आणि उत्साहाने तिचे नाव जाहीर केले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मी तिथेच राहतो. मी त्या दिवशी आलो नाही तर चालेल का?” ज्यांना ‘समाज दाखवायला’ मी निघाले होते, त्यांच्यातला एकजण तो समाज रोज जगत होता आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. ती भेट मी रद्द केली. तेव्हापासून मी वंचितांच्या वस्तीपेक्षा निर्णय जेथे होतात त्या ठिकाणांना प्राधान्य देते: पाणीवाटपाचे वेळापत्रक ठरवणारे कार्यालय, तक्रारी नोंदवणारी खिडकी, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, सार्वजनिक सुनावणी. रांगेत दोन तास उभे राहून कोण किती वेळ थांबते आणि कोणाला पुढे बोलावले जाते याची नोंद करणे, हा मी दिलेला सर्वांत यशस्वी गृहपाठ आहे. अर्थात संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी घेऊन आणि कोणाची ओळख न नोंदवता.

लोकांकडून माहिती घ्यायची असेल, तर संमतीचा तास आधी घ्या. त्यासाठी टस्कीगी येथील प्रकरण सांगावे. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाच्या अभ्यासासाठी नजर ठेवण्यात आली. त्यांपैकी ३९९ जणांना तो आजार होता, त्यांना त्याची खरी माहिती दिली गेली नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांचे उपचार रोखले गेले. हे ऐकल्यानंतर संमतीपत्र म्हणजे भरून टाकायचा कागद, असे विद्यार्थी म्हणत नाहीत.

यानंतरचे नियम थोडक्यात सांगते. चेहऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. लहान मुलांना प्रश्न विचारू नयेत. पूर्ण करता येणार नाही असे कोणतेही आश्वासन देऊ नये. पाच-सहा जणांहून मोठा गट एका ठिकाणी पाठवू नये. आणि जे आढळले ते, त्या लोकांना समजेल अशा भाषेत, सत्र संपण्यापूर्वी त्यांना परत जाऊन सांगावे. ही परतीची भेट वेळापत्रकात पहिल्याच दिवशी लिहिली नाही, तर ती कधीच होत नाही.

८. चिंतनवही: अनुभवाला कारणांपर्यंत नेणारे लेखन

अनुभव घेतला म्हणजे त्यातून आपोआप शिकणे झाले, असे होत नाही. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात अनुभव, त्यावरचे चिंतन, त्यातून काढलेली सर्वसाधारण कल्पना आणि त्या कल्पनेची नव्या परिस्थितीतली चाचणी असे चार टप्पे आहेत. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावरून थेट भावनेवर जातात आणि तेथेच थांबतात. ‘मला फार वाईट वाटले आणि मी किती भाग्यवान आहे ते कळले’ हे वाक्य तुम्हाला दर दुसऱ्या वहीत सापडेल. त्याबद्दल रागावू नका, पण ते स्वीकारूही नका. समासात एवढेच लिहा: ‘तुम्ही भाग्यवान आहात ते कशामुळे? दोन कारणे शोधा.’

दर पंधरवड्याला एक पान पुरेसे आहे. मी चार प्रश्न देते: मी काय पाहिले किंवा वाचले, मत न देता लिहा. मला त्यात काय खटकले आणि का? हे असे असण्याची कोणती दोन कारणे संभवतात आणि ती तपासण्यासाठी कोणता पुरावा लागेल? यात माझा, माझ्या घराचा किंवा माझ्या भावी व्यवसायाचा कोठे संबंध येतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हवे असल्यास पान दुमडून ठेवण्याची मुभा द्या आणि दुमडलेले पान कधीही उघडू नका. एकदा जरी उघडलेत, तरी ती बातमी वर्गभर होते आणि पुन्हा कोणी खरे लिहीत नाही.

९. गुण मताला देऊ नका, युक्तिवादाला द्या

विद्यार्थी शिक्षकाचा कल ओळखण्यात तरबेज असतात. म्हणून गुणदानाचा तक्ता पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावा. माझ्या तक्त्यात २० गुणांची विभागणी अशी असते: निरीक्षणाची अचूकता ५, कारणांची मांडणी ६, पुराव्याचा वापर ५, विरोधी मताला दिलेला न्याय ४. भावनेच्या तीव्रतेला, भाषेच्या सौंदर्याला आणि केलेल्या सेवाकार्याच्या तासांना गुण नाहीत. सेवेचे तास मोजायला लागलात, की सह्या गोळा करण्याची शर्यत सुरू होते.

स्वतःची परीक्षाही घ्या. माझ्या मताच्या नेमके उलट मत मांडणाऱ्या पाच वह्या आणि माझ्याशी सहमत असणाऱ्या पाच वह्या, नावे झाकून, मी एका सहकाऱ्याला तपासायला देते आणि दोघींचे गुण ताडून पाहते. पहिल्या वेळी मी सहमत विद्यार्थ्यांना सरासरी दोन गुण जास्त दिल्याचे निघाले. लाज वाटली, पण तक्ता त्यानंतरच सुधारला.

१०. शेवटच्या आठवड्यात चिठ्ठ्या परत द्या

पहिल्या आठवड्यात घेतलेला प्रश्न पुन्हा विचारा, उत्तरे लिहून घ्या आणि त्यानंतर जुन्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत द्या. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून काय बदलले, हे विद्यार्थ्यांनाच एका परिच्छेदात लिहू द्या. काहींच्या चिठ्ठ्यांत फरक पडलेला नसेल. तसे लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, तर त्याला पूर्ण गुण द्या. तुमच्यासाठी मोजायची गोष्ट निराळी आहे. तासाच्या शेवटी गोळा केलेल्या प्रश्नचिठ्ठ्या आठवड्यांप्रमाणे लावा आणि ‘काय’ने सुरू होणारे प्रश्न किती, ‘का’ आणि ‘कोणी’ने सुरू होणारे किती, हे मोजा. सत्राच्या मध्यावर दुसऱ्या गटाचे प्रमाण वाढलेले दिसत नसेल, तर निवडलेला घटक बदला किंवा तुमचे बोलणे कमी करा. माझ्या बाबतीत बहुधा दुसरेच कारण निघत असे. या चिठ्ठ्या पुढच्या सत्राची तासयोजना करेपर्यंत टाकू नका, कारण पुढच्या वर्गासाठीची निम्मी उदाहरणे त्यांतच सापडतात.